पाच हजार ठिपके

२०१९ साली आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक वाघ चालत आला. जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. वनखात्याच्या कागदांवर तो टी१सी१, लोकांच्या तोंडी ‘वॉकर’. टिपेश्वरलाच त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती आणि ती तासातासाला त्याचा ठावठिकाणा नोंदवत होती. जूनमध्ये त्याने घर सोडलं. महाराष्ट्र आणि तेलंगणातली वावरं, नाले, डांबरी रस्ते ओलांडत नऊ महिन्यांत तो सुमारे ३,००० किलोमीटर फिरला आणि शेवटी ज्ञानगंगेतच मुक्कामाला राहिला.

त्या भटकंतीचे ५,००० हून अधिक ठिपके नकाशावर उमटले. असा नकाशा माणसाला वाचता येतो. ठिपक्यांचा पुंजका दिसला की समजायचं, इथे थांबला. शिकार मिळाली असेल, पाणी असेल, नाहीतर माणसांची वर्दळ सरण्याची वाट पाहत असेल. ठिपके लांब लांब पडले की समजायचं, रात्र चालण्यात गेली. दोन ठिपक्यांमध्ये तासाभराचं अंतर आहे. वाघाला वास घ्यायला, कान टवकारायला, पुढे जाऊन मागे वळायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. म्हणून ‘त्याने हा रस्ता धरला’ असं आपण निःशंक म्हणतो.

आता दुसरे पाच हजार ठिपके पाहू. कोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर घरमाशी बसली आहे. शेपटी फिरली आणि माशी उडाली. सेकंदाला ५,००० फ्रेम टिपणारा कॅमेरा समोर असेल, तर तिच्या उड्डाणाच्या एकाच सेकंदाचे तेवढेच ठिपके हाती येतात. वाघाचे नऊ महिने आणि माशीचा एक सेकंद. त्या सेकंदात तिचे पंख सुमारे दोनशे वेळा खालीवर होतात, म्हणजे एका फटक्याला सेकंदाचा दोनशेवा भाग. समोर दिवा लागलेला पाहून बटण दाबायला आपल्याला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात माशीचे चाळीस फटके होऊन गेलेले असतात.

मग या ठिपक्यांकडे पाहून ‘तिने ठरवलं’ असं म्हणता येईल का? ठरवायलाच जिथे सवड नाही, तिथे हालचाल कोण घडवतं? प्राण्यांच्या हालचालींचं अतिवेगवान चित्रण दीडशे वर्षं चाललं आहे. ते मुळात याच प्रश्नाचा पाठलाग आहे, असं मला वाटतं. सुंदर, संथ दृश्यं हे त्याचं वरचं रूप. त्याचं खरं काम आहे ते ठरवलेली हालचाल कुठे संपते आणि शरीराच्या घडणीतच असलेली हालचाल कुठे सुरू होते, ती रेघ शोधण्याचं.

सुरुवात घोड्यापासून झाली. विदर्भात शंकरपट पाहिलेल्या माणसाला तो प्रश्न सांगावा लागणार नाही. पटावर जोडी घड्याळाशी धावते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर बक्षीस ठरतं. धूळ खाली बसायच्या आत जोडी पार झालेली असते, आणि बघणारा सांगतो, बैलांचे पाय भुईला लागत नव्हते. हे खरोखरच तसं असतं का? अमेरिकेत हाच वाद घोड्यांवरून चालला होता. १८७८ च्या जूनमध्ये एडवर्ड माइब्रिज यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले. घोडा पुढून गेला की ताणलेले दोरे एकामागून एक सुटत आणि चित्रं निघत. चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे त्यातून सिद्ध झालं. पण तो क्षण कुणाच्याच अंदाजाप्रमाणे निघाला नाही. चित्रकार शतकानुशतकं धावत्या घोड्याचे पाय पुढेमागे ताणलेले काढत आले होते. फोटोत घोडा हवेत होता तेव्हा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले होते. इतकी वर्षं लाखो डोळ्यांनी घोडा पाहिला आणि तो एक क्षण कुणाला दिसला नाही. त्यात डोळ्यांचा दोष नाही. डोळा एका गतीने पाहतो, त्या गतीच्या आत जे घडून जातं ते त्याच्या हाती लागत नाही. सेकंदाला चोवीस चित्रं दाखवली की आपल्याला अखंड सिनेमा दिसतो, तो याच मर्यादेमुळे.

ही मर्यादा दोन्ही बाजूंनी आहे. फार जलद ते दिसत नाही, तसं फार संथ तेही दिसत नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत लावलेल्या वाटाण्याची रोज एकेक फ्रेम घेतली आणि ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणात घडली. आपल्याकडच्या सिनेमाच्या जन्माआधी हा प्रयोग झाला याचं मला फार अप्रूप वाटतं. वेळ ताणता येतो, आखडता येतो, आणि तसं केल्यावर जिवंत वस्तूबद्दल नवं काही कळतं, हे त्या माणसाला पहिल्याच पावलाला उमगलं होतं.

हल्ली वेळ ताणायचं साधन खिशात आलं आहे. फोनमधलं ‘स्लो मोशन’ सेकंदाला २४० फ्रेम टिपतं. मीही कोठ्यात उभा राहून माश्यांचं चित्रण केलं. पडद्यावर पंख फार डौलात हलत होते, संथपणे, सेकंदाला चार-पाच वेळा. वाटलं, मिळालं. नंतर हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की जे पाहिलं ते खरं नव्हतं. माशीचे सेकंदाला दोनशे फटके आणि फोनच्या दोनशे चाळीस फ्रेम. म्हणजे एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत पंखाचा फटका सहा हिश्श्यांतले पाच हिस्से पुरा होतो. पुढच्या फ्रेममध्ये पंख जिथे होता त्याच्या किंचित मागे दिसतो, त्यापुढच्या फ्रेममध्ये आणखी मागे. पडद्यावर दिसणारा फटका उलट्या क्रमाने चाललेला असतो! जुन्या चित्रपटांत धावत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसायचं, त्याच जातीचा हा भास. हळू दिसलं म्हणजे खरं दिसलं, असं नाही. हालचालीच्या एका आवर्तनात पुरेशा फ्रेम पडल्या पाहिजेत. सेकंदाला ५,००० फ्रेम घेतल्या तर एका फटक्याला पंचवीस येतात आणि मग पंखाची वाट भरवशाने आखता येते. असा एक सेकंद आपण नेहमीच्या पंचवीस फ्रेमच्या गतीने पाहिला, तर तो तीन मिनिटं वीस सेकंद चालतो.

एवढ्यावर काम भागत नाही. माशीच्या पंखाचं टोक सरासरी सेकंदाला सहा मीटरच्या आसपास वेगाने फिरतं. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पाच हजारावा भाग उघडी राहिली तर तेवढ्यात टोक मिलिमीटरभर सरकतं, आणि सगळा पंखच सहा-सात मिलिमीटरांचा. चित्र पुसट येतं. ते स्वच्छ यायला झडप सेकंदाचा पन्नास हजारावा भागच उघडावी लागते, आणि तेवढ्या वेळात आत येणारा प्रकाश इतका थोडा की भोवती प्रखर दिवे लागतात. त्या झोताने माशी बिथरू नये म्हणून पुष्कळदा अवरक्त प्रकाश वापरतात. तो कॅमेऱ्याला दिसतो, माशीला दिसत नाही. एका कॅमेऱ्याने खोली कळत नाही, म्हणून दोन-तीन कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून. मग प्रत्येक फ्रेममध्ये पंखाचं मूळ, टोक, डोकं अशा जागांवर खुणा करायच्या. पूर्वी हे काम माणसं हाताने करत, हजारो फ्रेमवर, महिनोन्‌महिने. आता संगणकाला थोड्या फ्रेम शिकवल्या की उरलेल्या तो करतो.

या कॅमेऱ्याची एक रीत मला विशेष बोलकी वाटते. माशी कधी उडेल ते आधी कळत नाही, आणि उडाल्याचं कळेपर्यंत ती उडून गेलेली असते. बटणावर बोट ठेवून बसणारा माणूस नेहमी उशीरच करणार. म्हणून कॅमेरा सारखा चालूच ठेवतात. त्याची स्मृती रहाटगाडग्यासारखी फिरत असते: नवी फ्रेम भरते, सर्वांत जुनी रिकामी होते. घटना घडून गेल्यावर माणूस बटण दाबतो आणि रहाट थांबतो. तोवर मागचे काही सेकंद गाडग्यांत साठलेले असतात. म्हणजे इथे माणसाने निर्णय घ्यायचा तो नंतर. आपल्या निर्णयाच्या मंदपणावर काढलेली ही तोड आहे. माशीच्या शरीरानेही काहीशी अशीच तोड काढलेली आहे.

माशीच्या छातीची, म्हणजे वक्षाची, एक पेटी असते. उड्डाणाचे मोठे स्नायू पंखांना थेट जोडलेले नसतात. एक जोडी पेटीत उभी, एक आडवी. उभे स्नायू आखडले की पेटीचं झाकण खाली दबतं आणि पंख वर जातात. आडवे आखडले की झाकण वर उचललं जातं आणि पंख खाली येतात. केंब्रिजचे जे. डब्ल्यू. एस. प्रिंगल यांनी १९४९ मध्ये दाखवलं की या स्नायूंना येणारे मज्जातंतूंचे इशारे पंखांच्या फटक्यांपेक्षा कितीतरी विरळ असतात. एकेक फटका हुकमाने होत नाही. यातला प्रत्येक स्नायू ताणला गेला की आपोआप आखडतो, आणि एक आखडला की दुसरा ताणला जातो. ताक घुसळताना रवीची दोरी असते ना, एक हात ओढतो तेव्हा दुसरा पुढे खेचला जातो, मग त्याची पाळी, तसंच. मेंदूने घुसळण चालू ठेवायची किंवा थांबवायची. फेरे दोरीच मोजते.

पण नुसतं घुसळून उडता येत नाही, तोल सांभाळावा लागतो. माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या माथ्यासारखे दोन बारीक दांडे, संतोलक, उरलेले असतात. उडताना तेही पंखांइतक्याच वेगाने हलतात, पण उलट तालात: पंख वर तेव्हा ते खाली. शरीर अंमळ वळलं की या हलत्या दांड्यांवर आडवा जोर येतो आणि त्यावरून माशीला आपलं वळण कळतं. ताल चुकला तर ही सगळी माहिती निरुपयोगी. सेकंदाला शंभर-दोनशे फटक्यांच्या वेगात हा ताल कोण राखतं?

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, एनसीबीएसमध्ये, संजय साने यांची प्रयोगशाळा कीटकांच्या उड्डाणावर काम करते. तन्वी देवरा, अमित सिंह आणि साने यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रश्नाचं उत्तर आहे. वेगवान चित्रणात पंख आणि संतोलकांचा ताल कधी ढळत नाही असं दिसलं. मग त्यांनी मेलेल्या माशीचा पंख हलवून पाहिला. मेलेल्या माशीतही संतोलक तालात हलला. मज्जातंतू नाही, इशारा नाही, जीवही नाही, आणि ताल शाबूत. पेटीच्या भिंतीत पंखापासून संतोलकापर्यंत गेलेला एक ताठर पट्टा आहे, तोच दोघांना बांधून ठेवतो. तो कापला की ताल जातो. शिवाय पंखाच्या मुळाशी गाडीच्या क्लचसारखी व्यवस्था आहे. घुसळण चालू असतानाही एखादा पंख तिच्यापासून सोडवून ठेवता येतो. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही केलं नाही. ज्याला आपण कौशल्य म्हणतो त्याचा केवढा मोठा भाग भिंतीत बांधलेला आहे!

म्हणून माशी म्हणजे चावी दिलेलं खेळणं, असं मात्र समजू नये. वेगवान चित्रणानेच दुसरी बाजूही दाखवली. ग्विनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी २००८ मध्ये फळमाश्यांवर वरून चाल करून येणारी आकृती दाखवली आणि त्यांचं पळणं टिपलं. उडी मारण्याच्या सुमारे सेकंदाचा पाचवा भाग आधीच माशी पाय हलवून आपला भार सरकवते. धोका समोर असेल तर मागे, मागे असेल तर पुढे. मग उडी अचूक धोक्यापासून दूर जाते. आखाड्यातल्या मल्लाने आधी पवित्रा घ्यावा तसं. उघड्या डोळ्याला फक्त उडी दिसते, पवित्रा दिसत नाही. इथे ठरवणं आहे. ते उडीच्या आधी उरकलेलं असतं आणि उडी ही त्याची नुसती अंमलबजावणी. म्हशीची शेपटी किंवा आपला हात चुकतो तो यामुळेच. माशीचा डोळा सेकंदाला अडीचशेच्या आसपास लुकलुकी वेगळ्या ओळखू शकतो, आपला पन्नास-साठ. आपला झपाटा तिला आपल्याला वाटतो तसा झपाटा वाटत नसावा.

आणि दोहोंच्या मधली एक जागा आहे. घुसळण हुकमाशिवाय चालते, पण तिला किंचित वळण देता येतं. साने बर्कलीला डिकिन्सन यांच्याकडे संशोधन करत होते तेव्हा, १९९९ मध्ये, डिकिन्सन, फ्रिट्झ-ओलाफ लेमान आणि त्यांनी घटनाच हळू करून पाहिली. फळमाशीच्या पंखाच्या आकाराचा पण शंभरपट मोठा, २५ सेंटिमीटरांचा पंख करून तो खनिज तेलाच्या टाकीत यंत्राने हलवला, पाच-सात सेकंदांत एक फटका. इवल्या पंखाला हवा जशी दाट लागते तसं या मोठ्या पंखाला तेल लागतं, म्हणून जोराचं गणित तेच राहतं. त्यातून कळलं की फटक्याच्या टोकाला पंख पालथा होतो तो क्षण किंचित अलीकडे आला तर उचल वाढते, पलीकडे गेला तर घटते. म्हणजे मोठे स्नायू बिनहुकमी घुसळत राहतात आणि पंखाच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू, ज्यांना मज्जातंतूंचे नेमके इशारे मिळतात, तो पालटण्याचा क्षण केसभर इकडेतिकडे करतात. नांगर बैल ओढतात, धरणारा रुमण्यावर हाताचा दाब थोडा कमीजास्त करतो, आणि तास वळतं.

छतावर बसणारी माशी हे सगळं एका दमात करते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी साने यांच्यासह त्याचं चित्रण प्रसिद्ध केलं. वर झेप, मग हवेतच अंग गर्रकन उलटं, पुढे केलेले पाय, पुढचे पाय छताला टेकले की त्यांच्या आधाराने उरलेल्या अंगाचा झोका. यातला शेवटचा झोका मला मोलाचा वाटतो. तो सगळा आधी ठरवून ठेवावा लागत नाही. पाय चिकटले की वेगच अंगाला उलटं नेऊन टेकवतो. पडद्यावर ते एखाद्या कसरतीइतकं सावकाश दिसतं. प्रत्यक्षात आपली पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळात ते उरकतं.

आमच्याकडे या अभ्यासासाठी प्रयोगशाळा नाही, पण वांग्याचं वावर आहे. वांग्याचं जांभळं फूल जवळून पाहिलं तर मधोमध पिवळ्या परागकोशांचा जुडगा दिसतो. पराग त्यांच्या आत बंद असतात आणि टोकाला बारीक छिद्रं असतात, मीठदाणीसारखी. मधमाशीला ते काढता येत नाहीत. भुंगा, जो आपल्या घराच्या वाशांना भोकं पाडतो तोच काळा धष्टपुष्ट भुंगा, येतो, फुलाला कवटाळतो, पंख मिटतो आणि छातीचे तेच उड्डाणाचे स्नायू चालू ठेवतो. घुसळण चालू, पंख सुटलेले. सगळी थरथर फुलात उतरते आणि छिद्रांतून परागांची धूळ उडते. वेगवान चित्रणात ती धूळ भुंग्याच्या पोटावर बसताना कण कण दिसते. उघड्या डोळ्याला दिसतं ते एवढंच, की भुंगा फुलावर बसला आणि उठला.

इथे मात्र कान डोळ्याच्या पुढे जातो. सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनं डोळ्याला धूसर पट्टा दिसतात, कानाला तो एक सूर ऐकू येतो आणि सूर चढला की उतरला ते लगेच कळतं. सकाळी धुऱ्यावर उभं राहावं. भुंगा उडत येतो तेव्हा जाड, खालचा गुणगुणाट असतो. फुलावर बसतो तेव्हा क्षणभर काही नाही. मग पंखांचं ओझं सुटलेल्या छातीचा सूर एकदम वर चढतो, बारीक आणि धारदार होतो, तुटक तुटक दोनतीनदा येतो. पुन्हा खालचा गुणगुणाट, आणि पुढचं झाड.